अ‍ॅजाइल शिकायचे म्हणजे नेमके काय शिकायचे?

पुण्यात हिंजवडी, खराडी भागात नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना एक प्रश्न हमखास विचारला जातो : अ‍ॅजाइल पद्धतीने काम केले आहे का? उत्तर बहुतेकांचे पाठ असते. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, रोज सकाळी पंधरा मिनिटांची स्टँडअप, स्क्रम मास्टर, प्रॉडक्ट ओनर, बॅकलॉग. शब्द सगळे बरोबर असतात. पण समोरच्याने "मग स्प्रिंट संपल्यावर तुम्ही कोणाला काय दाखवले आणि त्यामुळे पुढच्या कामात काय बदलले?" असे विचारले की गाडी अडते. कारण कोर्समध्ये शब्द शिकवलेले असतात, ते कोणत्या दुखण्यावरचे औषध आहेत हे सांगितलेले नसते.

ते दुखणे कळावे म्हणून आधी अमेरिकेतील एका सरकारी प्रकल्पाची हकीकत पाहू.

तिथली तपास यंत्रणा एफबीआय २००१ साली कागदी फाइलींवर आणि जुनाट संगणक प्रणालीवर चालत होती. सप्टेंबरमधील हल्ल्यानंतर ही गोष्ट सगळ्या जगाला दिसली. त्याच वर्षी 'व्हर्च्युअल केस फाइल' नावाच्या नव्या प्रणालीचे काम सुरू झाले. काय काय हवे याचा दस्तऐवज आठशेहून अधिक पानांचा झाला. कोड लिहिला गेला सुमारे सात लाख ओळींचा. सगळे तयार झाले की एकाच दिवशी जुने बंद करून नवे सुरू करायचे, अशी योजना होती. २००५ मध्ये हा प्रकल्प गुंडाळावा लागला. तोवर सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाले होते आणि तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर वापरण्याजोगे काहीही पोचले नव्हते.

दुसरा प्रयत्न २००६ मध्ये 'सेंटिनल' या नावाने सुरू झाला. काम लॉकहीड मार्टिन या बड्या कंपनीकडे गेले. या वेळी चार टप्पे आखले होते, म्हणजे पहिल्यापेक्षा शहाणपण होते. तरी ऑगस्ट २०१० पर्यंत ४५.१ कोटींच्या मंजूर रकमेपैकी सुमारे ४०.५ कोटी डॉलर संपले आणि चारपैकी दोनच टप्पे हाती आले. उरलेले काम याच पद्धतीने पुरे करायला आणखी किमान ३५ कोटी डॉलर आणि सहा वर्षे लागतील, असा बाहेरच्या तज्ज्ञ संस्थेचा अंदाज होता.

मग एफबीआयने काम स्वतःच्या हातात घेतले. कंत्राटदाराकडची सुमारे २२० माणसे होती, ती ४० च्या आसपास आणली. सगळ्या मागण्यांचे लहान लहान तुकडे केले, त्यांना महत्त्वाप्रमाणे क्रम लावला आणि दर दोन आठवड्यांनी चालू स्थितीतील सॉफ्टवेअर लोकांसमोर मांडायला सुरुवात केली. जुलै २०१२ मध्ये सेंटिनल सर्व कर्मचाऱ्यांसाठी खुले झाले.

ही गोष्ट प्रशिक्षणाच्या वर्गात चमत्कारासारखी सांगतात. चमत्कार वगैरे काही नव्हता. काम ठरलेल्या मुदतीत झाले नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये शेकडो कर्मचाऱ्यांना एकाच वेळी बसवून चाचणी घेतली तेव्हा प्रणाली बंद पडली. जुनी यंत्रसामग्री भार सोसत नव्हती. पण हे अपयश देशभर प्रणाली लागू होण्याआधी, चाचणीत कळले. पहिल्या प्रकल्पात आपण चुकतो आहोत हे कळायला काही वर्षे आणि १७ कोटी डॉलर लागले होते. आमच्या मते सगळी अ‍ॅजाइल पद्धत या एका फरकात बसते : चूक होणारच आहे, ती स्वस्तात असताना कळेल अशी कामाची मांडणी करणे.

हे शहाणपण २००१ साली अचानक सुचले असेही नाही. सगळ्या मागण्या आधी लिहायच्या, मग आराखडा, मग कोड, मग चाचणी, अशा एकामागून एक उतरत्या पायऱ्यांच्या पद्धतीला 'वॉटरफॉल' म्हणजे धबधबा म्हणतात, कारण पाणी उलटे वर चढत नाही. या पद्धतीचे जनक म्हणून विन्स्टन रॉयस यांच्या १९७० च्या निबंधाकडे बोट दाखवले जाते. गंमत अशी, की त्या निबंधात रॉयस यांनी पायऱ्यांची आकृती काढून लगेच ती धोक्याची असल्याचे बजावले होते आणि नवी प्रणाली असेल तर एकदा नमुन्यादाखल करून मग दुसऱ्यांदा खरी करावी, असे सुचवले होते. आकृती जगभर गेली, इशारा मागे राहिला. मोठ्या कार्यालयांना आकृती आवडते. तिच्यावर तारखा टाकता येतात, सह्या घेता येतात.

दुसरा धागा जपानचा. ताकेउची आणि नोनाका या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये होंडा, कॅनन यांसारख्या कंपन्यांत नवी उत्पादने वेगाने कशी तयार होतात यावर लेख लिहिला आणि त्या संघांची तुलना रग्बीच्या खेळाशी केली. रिले शर्यतीत एकजण धावून संपला की दुसरा धावतो. रग्बीत सगळा संघ चेंडू एकमेकांकडे देत एकत्र पुढे सरकतो. 'स्क्रम' हा शब्द त्या खेळातला. १९९० च्या दशकात जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी त्यातून सॉफ्टवेअरसाठी पद्धत बांधली. त्याच सुमारास केंट बेक वगैरे मंडळी एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगची मांडणी करत होती. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे अशा वेगवेगळ्या पद्धतींचे सतरा जण जमले आणि चार मूल्ये व बारा तत्त्वे असलेला जाहीरनामा निघाला. सतराही पुरुष होते, हेही नोंदवून ठेवू. जाहीरनाम्याचा आशय थोडक्यात असा : प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसे आणि त्यांचा संवाद, जाड कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर, कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाबरोबर काम, आणि ठरलेल्या आराखड्याला चिकटण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद. उजवीकडच्या गोष्टी फेकून द्या असे त्यात कुठेही म्हटलेले नाही, डावीकडच्यांना जास्त मोल द्या एवढेच म्हटले आहे. "आम्ही अ‍ॅजाइल आहोत, म्हणून कागद लिहीत नाही" असे सांगणाऱ्या टीमने जाहीरनामा वाचलेला नसतो.

एक उदाहरण घेऊन काम करून पाहू

समजा तुम्ही चौघे मित्रमैत्रिणी आहात आणि वस्तीतील विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेसाठी एक अ‍ॅप बनवायचे ठरवले आहे. स्पर्धा परीक्षांची मुले पहाटेपासून येतात, जागा कमी पडतात, रोज कुरबूर होते. कोणत्या खुर्चीवर कोण, हे मोबाइलवर दिसले तर बरे.

इंजिनिअरिंगच्या सवयीने आपण काय करतो? पहिल्या आठवड्यात लोगो. दुसऱ्या आठवड्यात डेटाबेसची रचना. मग लॉगिन, मग पासवर्ड विसरला तर काय, मग अ‍ॅडमिन पॅनेल. दोन महिन्यांनी अ‍ॅप घेऊन अभ्यासिका सांभाळणाऱ्या काकांकडे जायचे आणि त्यांनी कौतुक करावे अशी अपेक्षा ठेवायची.

आता दुसरी रीत. पहिल्या आठवड्यात फक्त एक पान. तीस चौकोन, म्हणजे तीस खुर्च्या. काकांनी चौकोनावर बोट ठेवले की तो लाल होतो, पुन्हा ठेवले की हिरवा. लॉगिन नाही, नावे नाहीत. शनिवारी ते पान काकांच्या हातात द्यायचे आणि आपण गप्प बसायचे. समजावून सांगायचे नाही, नुसते बघायचे. काका दहा मिनिटांत म्हणतील, "हे ठीक आहे रे, पण खुर्ची भरलेली की रिकामी हे मला इथून दिसतंच. भांडण होतं ते बॅग ठेवून चार-चार तास बाहेर जाणाऱ्यांवरून." झाले. तुमचा प्रश्न बदलला. आता खुर्ची दाखवायची नसून, उठून गेल्याची वेळ नोंदवायची आणि ठरावीक मिनिटांनी जागा मोकळी करायची आहे. एका आठवड्याचे काम टाकून द्यावे लागले, दोन महिन्यांचे वाचले. आणि हे काकांना आधी विचारून कळले असते का? बहुधा नाही. समोर काहीतरी धरल्याशिवाय नेमके काय खुपते ते माणसाला सांगता येत नाही. आठशे पानांचा दस्तऐवज इथेच फसतो.

या उदाहरणात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत पुस्तकांतही होते. पान करून दाखवणे, प्रतिक्रिया घेणे आणि तेच पान सुधारून पुन्हा दाखवणे, हे झाले पुनरावर्ती काम, म्हणजे इटरेटिव्ह. वेळेच्या नोंदीला पुढच्या आठवड्यात सूचनेचा संदेश जोडणे, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुस्तकांची नोंद जोडणे, ही भर घालणे, म्हणजे इन्क्रिमेंटल. नुसती भर घातली आणि जुन्याकडे वळून पाहिले नाही, तर चुकीच्या पायावर मजले चढतात. नुसते तेच तेच सुधारत बसलो तर अ‍ॅप कधी पुरे होत नाही. अ‍ॅजाइलमध्ये दोन्ही लागतात.

आता मुलाखतीतले शब्द या उदाहरणावर बसवून पाहा. 'बॅकलॉग' आपल्याला दोन अर्थांनी चांगलाच माहीत आहे, राखीव जागांचा अनुशेष आणि इंजिनिअरिंगचे राहिलेले विषय. इथे तिसरा अर्थ आहे : करायच्या कामांची क्रमवार यादी, जिच्यात सगळ्यात मोलाचे काम सगळ्यात वर असते. क्रम लावण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीची, ती प्रॉडक्ट ओनर. काकांचे ऐकून, विद्यार्थ्यांचे ऐकून, शेवटी 'आधी हे' असे म्हणणारी व्यक्ती. यादीतील प्रत्येक काम वापरणाऱ्याच्या बाजूने लिहायचे. 'टायमर मॉड्यूल' असे न लिहिता 'अभ्यासाला आलेली विद्यार्थिनी म्हणून मला कळायला हवे, की समोरची रिकामी खुर्ची मी कधी घेऊ शकते' असे. यालाच यूजर स्टोरी म्हणतात. स्प्रिंट म्हणजे ठरलेला, न वाढणारा काळ. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेप्रमाणे तो जास्तीत जास्त एक महिन्याचा असतो. शिकताना आठवड्याचाच घ्यावा. स्क्रम मास्टर हा साहेब नव्हे, कामातले अडथळे दूर करणारा आणि पद्धत सांभाळणारा माणूस. चौघांच्या टीममध्ये ही भूमिका दर आठवड्याला बदलून घ्या, म्हणजे सगळ्यांना सवय होईल.

'झाले' म्हणजे काय, हे आधी ठरवून भिंतीवर लिहून ठेवावे लागते. "माझ्या लॅपटॉपवर चालते" म्हणजे झाले नव्हे. दुसऱ्याने तपासले, काकांच्या साध्या फोनवर उघडले, नेट गेले आणि परत आले तरी नोंद टिकली, तेव्हा झाले. आणि "नव्वद टक्के झाले आहे" हे वाक्य टीममध्ये बंद करा. काम झालेले असते किंवा नसते.

न वाढणाऱ्या काळाची कल्पना कार्यकर्त्यांना वेगळी शिकवायची गरज नाही. १४ एप्रिल पुढे ढकलता येत नाही. तयारी कमी पडली तर आपण जयंती २० तारखेला घेत नाही. एखादी कमान कमी करतो, एखादा देखावा सोडतो, पण अभिवादन आणि व्याख्यान ठरल्या वेळी होते. स्प्रिंटमध्ये तेच करायचे. तारीख आणि दर्जा धरून ठेवायचा, कामाचा आवाका कमी करायचा. कंपन्यांत बहुधा याच्या उलट होते. आवाका कोणी सोडत नाही, मग रात्री जागून दर्जाचा बळी दिला जातो. फ्रेड ब्रुक्स यांनी तर १९७५ मध्येच लिहून ठेवले होते, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली तर उशीर आणखी वाढतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. तरी आजही उशीर दिसला की पहिला उपाय म्हणून माणसेच वाढवली जातात.

गप्प बसण्याची सवय

इथवर तंत्राचे झाले. ज्या कारणासाठी हा लेख लिहावासा वाटला ते पुढे आहे.

रोजची स्टँडअप पंधरा मिनिटांची असते. काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले आहे. पहिल्या पिढीत शिकून कंपनीत पोचलेल्या अनेक मुलामुलींना आम्ही पाहतो. तिसऱ्या प्रश्नावर त्यांचे उत्तर ठरलेले असते : काही अडचण नाही. दोन दिवसांपासून अडलेले असतात, तरी. इंग्रजीत चुकू ही भीती असते. "याला एवढेही येत नाही" असे कोणी म्हणेल, ही त्याहून मोठी. ती भीती उगाच आलेली नाही. वर्गात प्रश्न विचारला म्हणून हसे झालेले असते, आडनाव ऐकून समोरच्याचा सूर बदललेला असतो. मग माणूस गप्प राहून रात्री एकट्याने झुंजतो आणि स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी काम अपुरे असल्याचे उघड होते. अ‍ॅजाइल पद्धतीत याच्यासारखे नुकसान दुसरे नाही. तिचा सगळा डोलारा वाईट बातमी लवकर कळण्यावर उभा आहे.

म्हणून स्टँडअपचे तिसरे वाक्य आदल्या रात्री लिहून ठेवण्याची सवय लावावी. "लॉगिनची चाचणी अडली आहे, दोन मार्ग करून पाहिले, हा संदेश येतो, कोणाची अर्धा तास मदत मिळेल का?" तीन गोष्टी त्यात आल्या पाहिजेत : कुठे अडले, काय करून पाहिले, काय हवे. असे बोलणाऱ्याला कमी लेखणारी टीम असेलही. तिथे दोष टीमचा आहे आणि तिच्या भिंतीवर कितीही रंगीत चिठ्ठ्या असल्या तरी ती अ‍ॅजाइल नाही.

पद्धतीतच या भीतीवर काही उपाय आहेत. ते मागून घेण्याचा हक्क आहे हे माहीत असावे. एक म्हणजे प्लॅनिंग पोकर. कामाचा अंदाज देताना प्रत्येकाने आकड्याचे पान पालथे धरायचे आणि सगळ्यांनी एकदम उलटायचे. २००२ मध्ये जेम्स ग्रेनिंग यांनी ही रीत मांडली. वरिष्ठाने आधी "दोन दिवस" म्हटले की ज्युनिअर तेच म्हणतो. पाने एकदम उलटली की कोणाचे दोन निघतात, कोणाचे आठ, आणि मग आठवाल्याला विचारावे लागते की तुला काय दिसले जे आम्हाला दिसले नाही. दुसरा उपाय रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर आपण कसे काम केले याची आपसात चर्चा. त्यात पहिली पाच मिनिटे सगळ्यांनी गप्प राहून चिठ्ठीवर लिहायचे आणि मग चिठ्ठ्या वाचायच्या, असा नियम ठेवला तर कमी बोलणाऱ्यांचेही टेबलावर येते. नव्या टीममध्ये हा नियम सुचवायला कोणाच्या परवानगीची गरज लागत नाही.

गैरवापर कुठे होतो हेही जाणून असावे. टीम एका स्प्रिंटमध्ये किती गुणांचे काम करते, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. तो आकडा टीमने स्वतःचा पुढचा अंदाज बांधण्यासाठी असतो. व्यवस्थापकाने दोन टीमच्या आकड्यांची तुलना सुरू केली की तिसऱ्या महिन्यात सगळे अंदाज फुगतात आणि आकडा निरुपयोगी होतो. स्टँडअपची हजेरी होणे हा दुसरा प्रकार. सगळे जण एकमेकांशी बोलायचे सोडून एकाच साहेबाकडे तोंड करून हिशोब देतात. काही कामांना स्क्रम शोभतही नाही. रोज येणाऱ्या तक्रारी सोडवणाऱ्या सपोर्ट टीमला दोन आठवड्यांचा बेत करून काय उपयोग? तिथे टोयोटाच्या कारखान्यातून, ताइची ओनो यांच्या कामातून आलेली कानबान पद्धत बरी : करायचे, चालू, झाले असे रकाने आणि 'चालू' रकान्यात एका वेळी ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त कामे नाहीत.

राहिला प्रश्न प्रमाणपत्राचा. दोन दिवसांचे प्रशिक्षण आणि लगेच प्रमाणपत्र, अशा जाहिराती रोज फोनवर येतात आणि घरची परिस्थिती बेताची असलेली मुलेही उसनवारी करून फी भरतात. नोकरीत असाल, कंपनी फी देत असेल तर जरूर करा. काही कंपन्या अर्जांच्या चाळणीत प्रमाणपत्र पाहतात हेही खरे. पण पहिली नोकरी शोधताना कर्ज काढून ते घेण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. स्क्रमची अधिकृत मार्गदर्शिका इंटरनेटवर फुकट आहे आणि पंधरा पानांच्या आत संपते. जाहीरनामा एका पानाचा आहे. एवढे वाचायला एक दुपार पुरते.

त्यानंतर तीन-चार जण गोळा करा आणि सहा आठवडे, दर आठवड्याला एक, असे सहा स्प्रिंट एखाद्या खऱ्या माणसाच्या खऱ्या कामावर चालवा. अभ्यासिका, बचत गटाची हिशोबवही, रक्तदात्यांची यादी, काहीही चालेल. अट एवढीच, की वापरणारा माणूस तुमच्यापैकी नसावा आणि दर शनिवारी भेटणारा असावा. फळा म्हणून भिंतीवर कागद आणि चिकट चिठ्ठ्या पुरतात. एक वही ठेवा. तिच्यात दर शनिवारी तीन ओळी : काय दाखवले, समोरचा काय म्हणाला, त्यामुळे यादीत काय वरखाली झाले. अठरा ओळींची ती वही मुलाखतीला बरोबर घेऊन जा. आणि पहिल्याच शनिवारी दाखवायला काही तयार झाले नाही, तर मुदत वाढवू नका. काम आणखी बारीक कापा, तीस खुर्च्यांऐवजी एकाच खुर्चीपासून सुरू करा.